मियाटा एक इंच खाली: आठशे डॉलरच्या बजेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९५ ची माझदा मियाटा. पहिली पिढी, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणारे दिवे असलेली. दोन जागा, उघडणारं छत, १.८ लिटरचं १२८ हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन एक टनाच्या किंचित वर आणि जोर मागच्या चाकांना. मालक सांगलीकडचा, पुण्यात इंजिनिअरिंग करून गेलेला, डेट्रॉइटच्या उपनगरात गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. रोजच्या वापराची गाडी वेगळी, ही हौसेची. नोव्हेंबरमध्ये झाकून ठेवायची आणि वसंतातल्या पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन नेलं की बाहेर काढायची, असा त्याचा शिरस्ता. आधीच्या मालकाने मात्र ती बारा महिने चालवली होती. मिशिगनच्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टनावारी मीठ टाकतात. त्या मिठाने गाडीच्या पोटाखाली काय करून ठेवलंय, याचा अंदाज तेव्हा कुणालाच नव्हता.

मियाटा १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांपुढे आली. तेव्हापासून खिसा हलका असलेल्यांची स्पोर्ट्स कार अशीच तिची ख्याती आहे. सुटे भाग मुबलक मिळतात, आणि सल्ले त्याहूनही जास्त.

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर हौशी लोक आपापल्या गाड्या मिरवतात. तिथे मालकाने अगदी आपल्यासारखीच, पण चाकांवर नीट बसलेली मियाटा पाहिली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या गाडीचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं आरामात जातात, हे त्याला दिसायला लागलं. एकदा दिसलं की ते दिसतच राहतं.

बजेट आठशे डॉलर, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कल आणि दिशा जुळवण्याचं काम, धरून. आकडा घरात चर्चा होऊन ठरला होता, त्यामुळे तो ओलांडायचा नाही हे त्याने आधीच बजावलं. मजुरी शून्य, कारण काम त्याच्याच गॅरेजात आम्ही तिघे करणार होतो: मालक, मी, आणि त्याच्या कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी. ते मूळचे कोल्हापूरचे. त्यांना सगळे दादाच म्हणतात.

अडचण नेमकी काय होती

मालकाचा प्रश्न साधा होता. "दादा, दीड इंच लो करायचीये. स्प्रिंग कुठल्या घेऊ?"

दादा म्हणाले, "स्प्रिंगचं मागनं बघू. आधी चाकं काढ."

चाकं काढल्यावर गाडीचं खरं दुखणं दिसलं. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून काळे पडले होते. पुढचा एक हाताने दाबला तर विरोध न करता आत गेला आणि तिथेच राहिला. धूळ अडवणारी रबरी टोपणं फाटलेली. बंपस्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा तो फोमचा तुकडा, बोट लावताच शिळ्या म्हैसूरपाकासारखा भुगा होऊन हातात आला. इतक्या वर्षांच्या फोमचं असंच होतं. गाडी कितीही जपली तरी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय या फोमच्या तुकड्याभोवती फिरतो.

चाक खड्ड्यात आपटून वर आलं की स्प्रिंग दबते आणि शॉकअपचा दांडा आत जातो. किती आत जाऊ शकतो याला मर्यादा असते. त्या मर्यादेच्या जरा आधी बंपस्टॉप मध्ये येतो आणि धक्का झेलतो. गाडी खाली केली की ती उभी असतानाच दांडा जास्त आत गेलेला असतो. म्हणजे खड्ड्यासाठी शिल्लक राहिलेली जागा आपण उभ्या उभ्या खर्च करून टाकतो. पहिल्या पिढीच्या मियाटात ही जागा मुळातच तुटपुंजी, मागच्या बाजूला तर फारच.

दीड-दोन इंच लो केलेली, मूळ शॉकअप तसेच ठेवलेली मियाटा बऱ्याचदा बंपस्टॉपवरच बसलेली असते. सरळ रस्त्यावर ती नुसती दणके देते. खरा धोका वळणावर. बाहेरचं मागचं चाक दाबलं जातं, बंपस्टॉप चेपून टणक होतो, त्या क्षणी मागचा भाग एकाएकी कडक होतो आणि पकड सोडतो. मागच्या चाकांना जोर असलेल्या हलक्या गाडीत याचा अर्थ गिरकी. ड्रायव्हरला वाटतं आपलं चुकलं, आणि दोष असतो फोमच्या तुकड्याचा.

थोडक्यात, मालकाला अडचण वाटत होती उंचीची. गाडीची अडचण होती मेलेले शॉकअप आणि न उरलेली जागा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फुकटचा: आहेत त्याच स्प्रिंगा ग्राइंडरने कापायच्या. याला सरसकट मूर्खपणा म्हणण्याची पद्धत आहे, ते पूर्ण खरं नाही. स्प्रिंगचे कामाचे वेढे कमी झाले की ती त्या प्रमाणात कडक होते. सहा वेढ्यांतला एक काढला तर उरलेल्या पाचांची स्प्रिंग मूळच्या सहा भागिले पाच पट, म्हणजे वीस टक्के कडक. खाली आलेल्या गाडीला थोडी कडक स्प्रिंग हवीच असते, त्यामुळे हिशोब अगदीच वाईट नाही. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चारही कोपरे सारखे येतील याची खात्री नसते, आणि चाक हवेत लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. शिवाय मेलेले शॉकअप मेलेलेच राहतात. कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवायची आणखी एक पद्धत आहे. ती मात्र खरोखर मूर्खपणाची. पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे कधीही दगा देते.

दुसरा पर्याय: दोनेकशे डॉलरच्या लो करायच्या स्प्रिंगा आणून जुन्या शॉकअपवर चढवायच्या. बहुतेक लोक हेच करतात. पैसे वाचतात, फोटो छान येतो. मालकाचाही कल सुरुवातीला इकडेच होता.

तिसरा: स्वस्तातला कॉइलओव्हरचा संच, म्हणजे आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र. साडेपाचशे-सहाशे डॉलरला मिळत होता. याची मोहिनी मोठी, कारण सगळं नवं, चकचकीत आणि उंची हवी तेव्हा हवी तशी. दादांचे दोन आक्षेप होते. या किमतीत स्प्रिंग बरी निघते, पण शॉकअपच्या आतली झडप त्या स्प्रिंगला साजेशी असेलच असं नाही, आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. दुसरं म्हणजे मिशिगनच्या हवेत त्या आट्या गंजून धरतात, मग उंची बदलायची सोय नावापुरतीच उरते.

चौथा: चांगल्या कंपनीचे नवे शॉकअप, त्यावर जेमतेम इंचभर खाली करणाऱ्या स्प्रिंगा, नवे बंपस्टॉप, आणि दुसऱ्या पिढीच्या मियाटाचे वरचे माउंट, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक ज्याने गाडीच्या अंगाला जोडतात तो भाग.

हे शेवटचं मियाटावाल्यांमधलं जुनं शहाणपण आहे. पहिल्या पिढीच्या माउंटचा तळ सपाट. बंपस्टॉप त्याला थेट जाऊन टेकतो. १९९९ पासूनच्या गाड्यांच्या माउंटला खालून खोलगट वाटी आहे, बंपस्टॉप तिच्यात शिरतो. गाडीची उंची फारशी न बदलता जवळजवळ अर्धा इंच जागा मिळते. त्याच्या रबरांसकट आणि वॉशरांसकट घेतलं तर माउंट पहिल्या पिढीच्या गाडीवर बसतं. भंगार यार्डात चार माउंट साठ डॉलरला मिळाले. पैशाच्या मानाने या अख्ख्या कामातली सगळ्यात मोठी कमाई हीच.

पाचवा पर्याय दादांचा स्वतःचा, आणि तो मालकाला ऐकायचाच नव्हता: शॉकअप, माउंट, बंपस्टॉप बदल आणि स्प्रिंगा मूळच्याच ठेव. गाडी खाली येणार नाही, पण चालवायला सगळ्यात गोड होईल.

निर्णय कसा झाला

वाद दोन ठिकाणी अडला.

एक, किती खाली. मालक दीड इंचावर अडून बसला होता. दादांनी वाद घातला नाही, टेप काढली. मागची स्प्रिंग काढून शॉकअप नव्या बंपस्टॉपसकट नुसताच बसवला, आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात, त्याखाली जॅक लावून गाडी उभी असताना चाक जिथे असतं तिथवर उचलला. दांड्याचा उघडा भाग, बंपस्टॉपला टेकेपर्यंत, ३४ मिलिमीटर भरला. चाक जितकं वर जातं त्याच्या साधारण पाऊणपट दांडा आत जातो. म्हणजे दीड इंचाला २८ मिलिमीटर गेले; उरले सहा. सहा मिलिमीटरवर मिशिगनमधला एकही रस्ता पार होत नाही. एक इंचाला १९ गेले, उरले पंधरा. त्यात नव्या माउंटचे बारा मिळवले तर सत्तावीस. कागदावर हे आकडे बघितल्यावर मालक म्हणाला, "ठीक आहे, एकच इंच." त्यापुढे या विषयावर चर्चा झाली नाही.

उंची माझ्या आवडीवर ठरते असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे मोजमाप एकदा करून बघावं. याला टेप आणि एक जॅक लागतो.

दोन, स्प्रिंगा मुळात बदलायच्या का. हा प्रश्न नुसता दिसण्याचा नव्हता. मालक कधीमधी ऑटोक्रॉसला जायचा. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून घड्याळाविरुद्ध गाडी चालवायची, असा तो खेळ. एससीसीए या संस्थेच्या नियमांत 'स्ट्रीट' गटातल्या गाडीला शॉकअप बदलायची मुभा आहे, पण स्प्रिंग मूळचीच हवी. स्प्रिंग बदलली की गाडी 'स्ट्रीट टुरिंग'मध्ये जाते, आणि तिथे रुंद चाकं, महागडे कॉइलओव्हर लावून आलेली मंडळी असतात. म्हणजे एक इंचासाठी तो जिंकण्याची उरलीसुरली शक्यताही घालवणार होता. त्याने शांतपणे विचार केला आणि सांगितलं की आपण तसंही मधल्या क्रमांकावर येतो, त्यापेक्षा गाडी पार्क करून मागे वळून बघताना बरं वाटलेलं परवडेल.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता. दादांना तो आजही पटलेला नाही. चालवण्याच्या हिशोबाने त्यांचा पाचवा पर्याय सरस होता हे मान्य. पण हौसेच्या गाडीत हौस हाच निकष असतो. फक्त त्या हौसेची किंमत आधी कळलेली असावी, आणि ती त्याला कळली होती.

काम दोन टप्प्यांत करायचं का, आधी शॉकअप आणि पुढच्या वर्षी स्प्रिंगा, असाही विचार झाला. तो सोडून दिला. सगळं दोनदा उघडायचं आणि अलाइनमेंटचे पैसेही दोनदा मोजायचे, यात बचत काहीच नव्हती.

खरेदीचा हिशोब असा बसला. कोनी कंपनीचे साधे, कडकपणा जुळवता न येणारे चार शॉकअप, सवलतीत ४२०. इंचभर लो करणाऱ्या जुन्या स्प्रिंगा ९०. माउंट ६०. बंपस्टॉप, धुळीची टोपणं, नवे नट आणि किरकोळ सामान ७०. अलाइनमेंटसाठी राखून ठेवलेले १२०. एकूण ७६०. स्प्रिंग जुनी घ्यायला हरकत नाही. गंजाने खड्डे पडलेले नाहीत आणि रंग उडालेल्या जागी चीर नाही एवढं पाहिलं की झालं. शॉकअप मात्र जुना घेऊ नये. तो झिजतो आतून.

प्रत्यक्ष काम

शॉकअप बदलण्याची कृती मी इथे लिहीत नाही, ती कुठल्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत.

पहिली बुशांची. मियाटाच्या चारही चाकांना वर एक, खाली एक असे दोन आर्म आहेत, आणि त्यांच्या बुशांमधलं, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्यांमधलं, रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. आर्म हलला की रबर पिळलं जातं, फिरत नाही. आता गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत आहेत अशा अवस्थेत बोल्ट आवळले, तर रबराला वाटतं हीच आपली विश्रांतीची जागा. मग गाडी खाली ठेवताच ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच बसते आणि वर्ष-दोन वर्षांत रबर फाटतं. लोक म्हणतात लो केल्यावर बुश टिकत नाहीत. बुश टिकतात, आवळायची वेळ चुकलेली असते. आम्ही सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, चाकांखाली लाकडी ठोकळे घेऊन गाडी तिच्या वजनावर उभी केली, पुढे-मागे ढकलून बसू दिली आणि मगच टॉर्क रेंच घेतला. खाली झोपून करायचं काम, मानेला रग लागते, पण याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट केबल टायची. प्रत्येक शॉकअपच्या दांड्यावर, अगदी तळाशी, एक बारीक प्लास्टिकची टाय घट्ट बांधली आणि धुळीचं टोपण वर सरकवून ठेवलं. गाडी चालली की शॉकअपचं अंग त्या टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारून आलं की दांडा किती आत गेला होता ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

उंची मोजली ती चाकाच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीजही मापात येते. आधी पुढे ३५५ मिलिमीटर होतं, बसल्यानंतर ३३०. मागे फरक २४ मिलिमीटरचा.

अलाइनमेंट आणि गंजलेले बोल्ट

इथपर्यंत सगळं ठरल्याबरहुकूम चाललं होतं. गाडी अलाइनमेंटला गेली आणि तासाभरात फोन आला: मागची डावी बाजू हलत नाही.

मियाटाच्या खालच्या आर्मचे आतले बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्याला मध्यापासून सरकवलेली चकती असते. बोल्ट फिरवला की आर्म किंचित आत-बाहेर सरकतो, आणि त्यानेच चाकाचा कल, आणि मागच्या चाकांची दिशाही, जुळवतात. एका कोपऱ्याला दोन, असे एकूण आठ. मीठ खाल्लेल्या गाडीत बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव होतात. मग पाना लावला तर बोल्टबरोबर नळीही फिरू पाहते, रबर ती मागे खेचतं, आणि जागचं काही हलत नाही. आमच्या आठांतले दोन असे होते, दोन्ही एकाच कोपऱ्यात.

गाडी खाली केली नसती तर हे कदाचित कधी कळलंच नसतं. खाली केल्यामुळे चाकाचा कल बदलला होता, त्यामुळे जुळवणी टाळता येत नव्हती. तशीच चालवली असती तर मागच्या टायरची आतली कड एका उन्हाळ्यात संपली असती, आणि डावं-उजवं वेगळं असलेली गाडी ब्रेक लावताना कुठे वळेल याचा भरवसा नाही.

गंजनाशक तेल मारून रात्रभर ठेवलं. काही झालं नाही. ज्योतीने तापवायचं तर बुशचं रबर जळणार. शेवटी दादांनी करवतीचं यंत्र मागवलं आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी, आर्म आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीतून कापून काढला. त्यात बुश कामातून गेले. नवे बुश दाबून बसवण्याऐवजी मालकाने दक्षिणेकडच्या, बर्फ न पडणाऱ्या राज्यातून बोल्टांसकट एक जुना आर्म मागवला. आर्म, उरलेल्या कोपऱ्यांसाठी खबरदारी म्हणून काही नवे बोल्ट आणि वाहतूक मिळून १९० डॉलर. अलाइनमेंटवाल्याने दुसऱ्या खेपेचे ६० घेतले. एकूण खर्च १०१० झाला, बजेटच्या २१० वर.

त्या संध्याकाळी मालकाचा चेहरा उतरला होता. घरी हा आकडा कसा सांगितला ते मला माहीत नाही.

निकाल

अलाइनमेंटमध्ये पुढचा कल उणे एक अंश (उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागचा उणे दीड, पुढची चाकं सरळ आणि मागची किंचित आत तोंड केलेली, असं ठेवलं. रस्त्यावर चालवायच्या मियाटासाठी हे आकडे टायर न खाता वळणावर पकड देतात. ऑटोक्रॉससाठी याहून जास्त कल ठेवता आला असता, पण गाडी वर्षभरात जास्त किलोमीटर साध्या रस्त्यावरच धावते.

खड्ड्यांची फेरी मारून आल्यावर टाय बघितल्या. पुढच्या दोन्ही बंपस्टॉपपासून अंतर राखून थांबल्या होत्या. मागच्या एका बाजूची बंपस्टॉपला टेकली होती, पण त्याने चिरडलेली नव्हती. म्हणजे सगळ्यात मोठ्या धक्क्याला फोम जेमतेम कामी आला. तो असतोच त्यासाठी.

गाडी आधीपेक्षा एक इंच खाली आणि आधीपेक्षा मऊ चालते, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. त्यात नवल नाही. तुलना मेलेल्या शॉकअपशी आहे. नव्या शॉकअपवर मूळ स्प्रिंगा ठेवल्या असत्या तर ती याहूनही मऊ चालली असती, हे दादा अजून दर भेटीत ऐकवतात. मालकाच्या घरासमोरच्या उतारावर पुढची कड घासत नाही. गाडी लांब रस्त्यावर रेल्वे रुळांवरून जाताना मात्र वेग कमी करावा लागतो, पूर्वी लागत नव्हता.

मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे या बदलांवर कुणाची मोहोर लागली नाही. जर्मनीत हेच केलं असतं तर स्प्रिंगांची कागदपत्रं दाखवून बदलाची नोंद करून घ्यावी लागली असती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, एकही डॉलर खर्च करण्याआधी ते आठ बोल्ट तपासायला हवे होते. नट सैल करून डोक्याला पाना लावायचा आणि बोल्ट फिरतो का बघायचं, जुनी खूण आधी खडूने आखून. एका दुपारचं काम. दोन बोल्ट अडकलेत हे आधी कळलं असतं तर बजेटची मांडणी वेगळी झाली असती: स्प्रिंगांचे ९० वाचवून आर्मकडे वळवता आले असते. मिठाच्या प्रदेशातल्या कुठल्याही जुन्या गाडीचं सस्पेन्शन उघडताना बजेटचा चौथा हिस्सा गंजासाठी बाजूला काढावा, असं माझं मत आता झालंय.

दुसरी, शॉकअपवर केलेला सगळ्यात मोठा खर्च आम्ही पुन्हा तसाच करू. पैसे कमी असतील तर उंची सोडावी, शॉकअप सोडू नये.

तिसरी गोष्ट कोनीच्या पिवळ्या, जुळवता येणाऱ्या शॉकअपची. ते घेतले असते तर पुढेमागे कडकपणा बदलता आला असता. मालकाला याची रुखरुख आहे. मला ती अनाठायी वाटते. त्या बजेटमध्ये ते बसतच नव्हते, आणि ज्याला एक इंच उंचीचा निर्णय घ्यायला महिनाभर लागला तो दर रविवारी शॉकअपच्या खुंट्या फिरवत बसला असता.

पुण्यातल्या दोघा-तिघांनी हे ऐकून आमच्या फोक्सवॅगन पोलोवर असंच करता येईल का म्हणून विचारलं. मोजमापाची पद्धत जशीच्या तशी लागू आहे, आकडे नाहीत. पोलोच्या पुढच्या चाकांना एकच खालचा आर्म आणि वर स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब, आहे. गाडी फार खाली आणली की तो आर्म आडव्याच्या वर झुकतो, वळणावर चाकाचा कल हवा तसा वाढत नाही आणि अंग झुकणं उलट वाढतं. मियाटाला दोन आर्म असल्याने ती याबाबतीत जास्त सोसते. त्यातून आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोण कुठल्या मापाने बांधतो हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांना आडवं येतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक अर्थानेच वाचलं, हेही लक्षात ठेवावं. तिथे दादांचा पाचवा पर्यायच मी सुचवेन.

आणि दिवे. गाडीचं पुढचं-मागचं टोक सारखंच खाली येत नाही, त्यामुळे दिव्यांचा झोत सरकतो. मियाटाचे दिवे वर उघडणारे असले तरी त्यांचा कल स्क्रूने जुळवावा लागतो. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून, टाकीत अर्ध पेट्रोल आणि ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवून. हे आम्ही सगळ्यात शेवटी, समोरून येणाऱ्या एकाने दिवे मिचकावल्यावर केलं.